फ्रिजवरचा कागद

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ओरिनने सगळा बेत कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवला: राष्ट्रीय वनातली मार्मट तळ्याची पायवाट, उंची बारा हजार फूट, अंगात लाल जाकीट, परत दुपारी दोनला.

"चारपर्यंत फोन नाही आला, तर मी शेरिफला कळवून शोधपथक मागवणार हं," त्याची बायको ग्लेंडा बजावून म्हणाली. "मागच्या खेपेला दोनचे सहा केलेस, आणि वर मलाच भित्री म्हणालास!"

"कळव की. हेलिकॉप्टरने घरी येईन, पेट्रोल तरी वाचेल."

सकाळी तळ्याच्या वाटेपाशी गाडी लावायला तसूभर जागा नव्हती. ओरिनने चार शिव्या हासडल्या आणि दरीपलीकडच्या दुसऱ्या वाटेला गाडी नेली. तिथे जागा होती, शांतता होती. माणूस आणि फोनची रेंज तेवढी नव्हती.

अकराच्या सुमाराला पायाखालचा दगड निसटला आणि घोटा मोडला. दुपारी वीज कडाडू लागली. आडोशाला झुडूपसुद्धा नसलेल्या उतारावर गारांचा मार खात ओरिन थरथरत घड्याळाकडे बघत राहिला. ग्लेंडा चारच्या पुढे एक मिनिटही थांबणार नाही, एवढ्या एका भरवशावर त्याने जीव धरून ठेवला होता.

आभाळ निवळलं आणि पाचच्या आत खरंच हेलिकॉप्टर आलं.



दरीच्या पलीकडे, मार्मट तळ्यावर, ते अगदी कागदावर लिहिलेल्या वाटेवर घिरट्या घालू लागलं.