काचेवरची बोटं

अंध मुलांच्या शाळेला एका दानशूर पाहुण्यांनी बोटांनी वाचायच्या ब्रेल पुस्तकांचा अख्खा संच दिला, वर एक ब्रेल टाइपरायटरही. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी सगळं ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात मांडलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. पाहुणे काय, कधीही परत यायचे. तेव्हा पुस्तकं कोरी करकरीत दिसायला नकोत का?

पोरं मात्र येता-जाता काच चाचपायची. रोज डाग पुसून पुसून शिपाईमामा मेटाकुटीला आले.

"तिथे एक पाटी लावा बघू, 'हात लावू नये' म्हणून," मोठ्या बाईंनी वर्गशिक्षिकेला फर्मावलं.

"लावते. पण बाई, मुलांना ती दिसणार कशी?"

"अहो, मग ब्रेलमध्ये लावा! सगळं मीच सुचवायचं का?"

अशा रीतीने वर्षभरात पहिल्यांदाच तो टाइपरायटर कपाटाबाहेर आला, त्याने एक ओळ उमटवली आणि तो मुकाट पुन्हा आत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या पाटीपुढे पोरांची ही भलीमोठी रांग लागली.


सगळ्यांत पुढच्या चिमुरडीने ओळीवरून बोटं फिरवली आणि मागे वळून कुजबुजली, "ए, यात लिहिलंय, हात लावू नये. पटापट वाचून घ्या रे, नाहीतर मोठ्या बाई हीपण कपाटात ठेवतील!"