ओटीपोटाचा व्यायाम

गणूने विनोद सांगायला घेतला की कृष्णाबाई अर्ध्यातून उठून मोरीकडे पळायची. "तुजे आयशीला माज्या गोष्टी आवडतच नाय," असं तो लेकीला, मनिषाला, ऐकवायचा.

मनिषाला खरं ठाऊक होतं. जोरात हसलं की आईला लघवी सुटायची. "बाबाला सांगू नको. त्यो गप बसंल," आईने बजावलं होतं.

मग पनवेलच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडायला शिकवलं. कृष्णाबाई कोलंबी सोलता सोलताही ते करायची.

काही महिन्यांनी गणूने सासऱ्याच्या धोतरात शिरलेल्या खेकड्याची गोष्ट काढली. कृष्णाबाई जागची हलली नाही. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.


गणू घाबरलाच. "मनिषा, लवकर ये गो. तुजे आयशीला काय झाला बग."