अर्धा लिटर कमी

टीव्हीवर चालू असलेल्या मालिकेतल्या सासूला एका सीनमध्ये मारायचं, ही मालिकालेखनाच्या वर्गाची शेवटची परीक्षा होती. ज्याचा सीन उत्तम, त्याला नोकरी. शिकाऊ लेखिकेचे कागद मॅडमनी परत केले. “अगं, ही दीड पान बोलतेय. मरतेय की निवडणूक लढवतेय? उद्या नवा आण.” घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, त्या मालिकेचा एकही भाग चुकवत नसे. दुखण्याला आता उतार नव्हता, पण त्याबद्दल दोघीही बोलत नसत. “आई, तुझी लाडकी सासूबाई मरणार. शेवटचं काय बोलेल गं?” “तिला कळलंय का?” “हो.” आईने रिमोटने टीव्ही बंद केला. “मग सुनेला एवढंच सांगेल, उद्यापासून दूध अर्धा लिटर कमी घे.” लेकीने भराभर लिहून घेतलं. नोकरी पक्की! ती वही मिटू लागली, तसा आईने हात धरला. “थांब. आता माझंही लिही.”