उजेडावरून

"नेमकं कोणतं औषध फवारत होते? नाव कळल्याशिवाय पुढचा इलाज कसा करू?" डॉक्टरांनी घाईनं विचारलं. खामगावच्या दवाखान्यात इंद्रभानच्या तोंडाला फेस आला होता. कपाशी फवारता फवारताच तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच कोसळला होता. दुकानदारानं औषध सुटं दिलेलं, बाटलीवर साधी चिठ्ठीही नव्हती.

धम्मशीलानं बापाचा गार हात घट्ट धरला. पुण्यात ती ताऱ्यांमधल्या ढगांतून आलेल्या प्रकाशाच्या रेषा डेटाबेसशी ताडून पाहायची आणि तिथं कोणता रेणू आहे ते सांगायची. एक रेषा जरी जुळली नाही, तरी नाव घ्यायचं नाही, अशी तिथली शिस्त. बापानं मात्र साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं, "माही पोरगी नुसत्या उजेडावरून सांगते, आभायात काय हाये ते!"

"सांग ना बाई लवकर," भिमाबाईनं बाटली पुढं केली.

"माय, मले नाही सांगता येत वं."

 भिमाबाईनं मोबाईलचा टॉर्च लावला आणि बाटलीच्या मागं धरला.

"आता पाह्य," ती म्हणाली, "म्या उजेड धरला."