ब्रॉक्सबर्नचा लाल डोंगर

स्कॉटलंडमधल्या ब्रॉक्सबर्नला बसमधून उतरल्या उतरल्या इंदुआजींना गावाच्या डोक्यावर उभा असलेला लालभडक डोंगर दिसला आणि त्यांचे हात आपसूक जोडले गेले. थेट गुलालात न्हालेला जोतिबाचा डोंगर. एवढ्या उंचावर देव नसेल, हे त्यांच्या कोल्हापुरी मनाला पटेचना. पायथ्याशी पोचताच त्यांनी बूट-मोजे काढून कडेला ठेवले.

एडिंबरात वाढलेली नात तनिषा तोवर पाटी वाचून आली.

"आजी, हे रिअल डोंगर नाहीये. इथे खाली माइन्स होत्या. माणसं दगड फोडून वर आणायची, तो भाजून त्यातून ऑइल काढायची आणि उरलेला वेस्ट इथे टाकायची. देव वगैरे काही नाही. शूज घाल."

"हा सगळा माणसांनी रचला?"

"हो. खूप वर्षं लागली."

आजींनी मान मागे टाकून पार शेंड्यापर्यंत पाहिलं. मग वाकून चिमूटभर लाल चुरा कपाळाला लावला आणि अनवाणीच चढायला लागल्या.

"आजी, शूज..."

"देवाला डोंगर करायला कितीसे कष्ट पडतात गं?" आजी मागे न बघता म्हणाल्या. "तुझेही काढ."