हेर मुलीचा आवाज

गुहागरच्या घरात रविवारी दुपारी सगळे ओटीवर टीव्हीसमोर बसले होते. नऊ वर्षांपूर्वी मराठीत डब होऊन थिएटरात येऊन गेलेला शाळकरी हेरांचा इंग्रजी सिनेमा आता घरबसल्या बघायला मिळत होता. तळघरात कोंडलेली हेर मुलगी दारावर लाथा मारत ओरडत होती, "दार उघडा, नाहीतर भिंत फोडून बाहेर येईन."

चहा घेऊन आलेली नेत्रा उंबऱ्यातच थबकली. तो आवाज तिचा होता. लग्नाआधी ती मुंबईत डबिंग करायची, लहान मुलांचे आवाज तर हुबेहूब काढायची. पण तिचा नवरा विनीत याने घरी ती बँकेत होती असं सांगून टाकलं होतं, आणि आठ वर्षं तिनेही ते निभावलं होतं. आज सकाळीच स्टुडिओतून फोन आला होता. दुसऱ्या भागासाठी त्यांना तोच आवाज हवा होता. चार दिवसांचं काम, आणि संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"आजी, ही मुलगी अगदी आईसारखी बोलते," नेत्राची लेक सानवी म्हणाली.

सुपारी कातरता कातरता सासूबाई हसल्या. "तुझी आई? अगो, ती स्वयंपाकघरातून बोललेली मला इथे कधी ऐकूसुद्धा येत नाही."

आता सांगूनच टाकावं, असं नेत्राच्या अगदी ओठांवर आलं. तिने विनीतकडे पाहिलं.

त्याने रिमोट उचलला आणि तिचा आवाज कमी केला.