मोठ्या काचांचा गॉगल

कुंताबाईने गॉगल डोळ्यांवर चढवला, आरशात पाहिले आणि घाईने पदर सावरला. आरशातली बाई तिला आवडली होती. भीती नेमकी त्याचीच वाटली.

"घ्या न बिनधास्त," दुकानदार ताराचंद हसला. "कलेक्टरीनबाई दिसून राह्यल्या."

"लोकं हासतीन न, भाऊ. एखांदा साधा नाई का?"

"साध्यात बाजूनं ऊन शिरते. डॉक्टरनं काय सांगतलं तुमाले?"

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते. वर्षानुवर्षे उन्हात भाजी तोडून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा वाढत होता. तो बुबुळावर चढला तर नजर जाईल. बाजूंनीही झाकणारा, अतिनील किरण अडवणारा गॉगल शेतात लावायलाच हवा.

लोकांचे तिने निभावले असते. प्रश्न अण्णाजींचा होता. ते तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. नाचणगावात दोन्ही घरांची मधली भिंत एकच. त्यांची सून उज्ज्वला गॉगल लावून गाडीवर निघाली, तेव्हा ते ओट्यावरून गरजले होते, "काळे काच लावले का बाईले लहानमोठं दिसत नाई!" उज्ज्वलाने तो गॉगल पुन्हा कधी लावला नाही.

ताराचंद तसाच नवा नग आणायला शेजारच्या गोदामात गेला. तेवढ्यात पायरीवर खाकरणे ऐकू आले.

अण्णाजी!

ते खाकरले की घरातल्या बायका आत निघून जात. कुंताबाईचे पाय सवयीने आतली खोली शोधू लागले. पण पुलगावच्या त्या चिंचोळ्या दुकानात जायला जागाच नव्हती. गॉगल काढायचेही तिला सुचले नाही. अण्णाजी सरळ तिच्यापुढे येऊन थांबले आणि मान पुढे काढून तिच्या चेहऱ्याकडे रोखून पाहू लागले. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर उभी राहिली नव्हती की एक शब्द बोलली नव्हती. निरोप असला तर पोरांच्या तोंडून जाई. नातवंडे झाली तरी ती रीत मोडली नव्हती.

"दुकानवाला कुठी गेला, बाई?"

गॉगलमुळे ओळखले नसावे. तिने सुटकेचा श्वास घेतला आणि अंग चोरून दाराकडे सरकली.

अण्णाजींनी काउंटर चाचपला. हाताला लागला तो गॉगल उचलून त्यांनी ती मघाशी उभी होती त्या रिकाम्या जागेकडे धरला.

"हा काळाच हाय न? पाहून सांगा जराक. उनात काईच दिसत नाई मले. आता साउलीत बी... घरी मालूम नाई कोनाले."

त्यांच्या हातात लहान मुलीचा गुलाबी गॉगल होता.

बाहेर ट्रक धडधडत होते. हा माणूस तो रस्ता एकट्याने ओलांडून आला होता, आणि तसाच परत जाणार होता.

कुंताबाई दारातून मागे फिरली. तिने गॉगल काढला आणि उघड्या तोंडाने त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हा लेकराचा हाय. गुलाबी." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "नुसत्या गॉगलनं भागत नाई. डोये दाखवा डॉक्टरले. घरच्यायपासून लपवू नोका. मी बी लय भेली होती."

अण्णाजींचा कठोर चेहरा हळूहळू निवळला.

"मोठ्या मायेनं बोलल्या," ते म्हणाले. "कोन्या गावच्या तुमी, बाई?"